नववीचा ‘ऊती’चा धडा घरी कसा शिकवायचा: भाजीची पिशवी, एक ब्लेड आणि चार रविवार

नववीच्या सायन्समधला टिश्यूचा धडा आला की घरोघरी पाठांतर सुरू होतं. पॅरेन्कायमा, कोलेन्कायमा, स्क्लेरेन्कायमा ही तीन नावं पोरं पाढ्यासारखी घडाघडा म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की यातलं जिवंत कोणतं नि मेलेलं कोणतं, की सगळी गप्प. माझ्या भाचीच्या शाळेत या धड्याचं प्रॅक्टिकल म्हणजे भिंतीवरचा चार्ट बघणं एवढंच झालं, मायक्रोस्कोप कपाटात होता तो कपाटातच राहिला, आणि मला ते फार लागलं, कारण या धड्यातलं निम्मं सामान रोज आपल्या ताटात असतं. मग ठरवलं की आपणच करू. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाली की डायनिंग टेबलावर जुने पेपर अंथरायचे, भाची आणि शेजारची तीन पोरं, आणि चार रविवारात अख्खा धडा झाला. तसाच्या तसा इथे लिहितेय, ज्यांच्याकडे नववीतलं पोर आहे त्यांनी करून बघा. थंडीत केलंत तर उत्तम, लागणारं सगळं तेव्हा बाजारात मिळतं.

माझी पद्धत एकच आहे. आधी विचारायचं की हा भाग काम काय करतो. मग त्या कामासाठी त्याची वीण कशी आहे ते बघायचं, चावून, ताणून, कापून, कसंही. नाव सगळ्यात शेवटी सांगायचं. चार्टवर हे बरोबर उलटं असतं, आधी नाव मग चित्र मग काम, आणि म्हणूनच ते डोक्यात टिकत नाही असं माझं ठाम मत आहे.

वीण हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. इथल्या शाळांमध्ये हिंदीत ऊतक म्हणतात, मराठीत ऊती, आणि मूळ संस्कृत शब्दाचा अर्थच विणणं असा आहे. इंग्रजी टिश्यूसुद्धा विणलेलं कापड या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलाय. बिशा नावाचा एक फ्रेंच डॉक्टर होता, 1802 साली जेमतेम तिशीत वारला, पण त्याआधी त्यानं माणसाच्या शरीरात 21 प्रकारच्या ऊती असतात असं मांडून ठेवलं होतं आणि तेही मायक्रोस्कोपला हात न लावता, नुसतं कापून, उकळून, वाळवून, डोळ्यांनी बघून. हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगते कारण आपल्याकडे मायक्रोस्कोप नाही म्हणून काही अडत नाही हे त्यांना कळायला हवं. आणि सोबत आईची एक महेश्वरी साडी ठेवते. काठ वेगळा विणलाय, अंग वेगळं, पदर वेगळा, धागे सुटे काढले तर साधेच, पण एकत्र विणले की प्रत्येक भागाचं काम वेगळं. पेशी म्हणजे धागा, ऊती म्हणजे ती वीण. एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचा गट, ही पुस्तकातली व्याख्या मग वेगळी पाठ करावी लागत नाही.

सामान काय लागतं ते सांगते. नवं ब्लेड (धरायचं मोठ्या माणसानंच, पोरांच्या हातात नाही), जुना मऊ ब्रश, दोन-तीन बशा, मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची बाटली, खायचा लाल रंग, भिंग. लॅबच्या सामानाच्या दुकानातून काचेच्या स्लाइड, कव्हरस्लिप, सॅफ्रानिनची (काप रंगवायच्या लाल रंगाची) छोटी बाटली आणि ग्लिसरीन. मिथिलीन ब्ल्यू माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडेसुद्धा मिळतं, माशांच्या औषधासाठी ते ठेवतात. मायक्रोस्कोप मिळाला तर सोन्याहून पिवळं, शाळेतला साधा 10 गुणिले 10 म्हणजे 100 पटीचा पुरतो. नाहीच तर फोल्डस्कोप बघा, मनु प्रकाश यांनी स्टॅनफर्डला बनवलेला कागदाच्या घडीचा मायक्रोस्कोप, साधारण 140 पट मोठं दाखवतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला लावता येतो. आम्ही तोच वापरला.

एक काम मात्र चार दिवस आधी करून ठेवा. दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरून त्यांच्या तोंडावर एकेक कांदा बसवा, बूड पाण्याला टेकेल असा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतात. एका कांद्याच्या मुळांची टोकं साधारण एक सेंटिमीटर कापून टाकायची, दुसऱ्याची तशीच ठेवायची, आणि पोरांना पट्टी देऊन रोज दोन्हीकडची लांबी लिहायला लावायची. याचं उत्तर पुढे येईल.

पहिला रविवार, चावायचा

पहिल्या दिवशी मायक्रोस्कोप काढायचाच नाही. पिशवीतून बटाटा, गराडू (आमच्याकडे थंडीत मिळणारा कंद), जाम (महाराष्ट्रातल्यांसाठी सांगते, आमच्या माळव्यात पेरूला जाम म्हणतात), उसाचा तुकडा आणि एक नारळ काढायचा.

बटाट्याची आणि कच्च्या गराडूची चकती करा आणि वर आयोडीनचा थेंब टाका. निळंकाळं होतं, म्हणजे स्टार्च आहे. इंदूरच्या सराफा बाजारात थंडीत जो गराडू तळून वर मसाला भुरभुरून देतात तो सगळा एकाच ऊतीचा माल आहे, पातळ भिंतीच्या, जिवंत, मधे थोड्या जागा सोडून बसलेल्या पेशी ज्यांचं काम साठवण. हीच पॅरेन्कायमा, मराठीत मूल ऊती. पालकाच्या पानात हीच ऊती हिरवी होऊन अन्न तयार करते, कोरफडीच्या गरात पाणी धरून बसते, आणि पाण्यातल्या झाडात हवा भरून ठेवते. शिंगाड्याचा वेल तळ्यावर तरंगतो ना, त्याच्या पानांचे देठ फुगीर असतात, ती हवेची पिशवी म्हणजे पण पॅरेन्कायमाच, फक्त नाव एरेन्कायमा होतं.

आता जाम खायला द्या आणि सांगा हळूहळू चावा, दाताखाली काय लागतंय ते सांगा. गर मऊ आहे, तो पॅरेन्कायमा. पण मधे रवाळ कचकच लागते, बियांची नाही हां, गराची. त्या कचकचीला दगडपेशी म्हणतात, लिग्निन म्हणजे लाकडाला कडक करणारं द्रव्य चढून भिंती इतक्या जाड झालेल्या की आत पेशीला जागाच उरत नाही आणि ती मरते. ही स्क्लेरेन्कायमा, दृढ ऊती. नाशपातीतही हीच कचकच असते. नारळाची करवंटी दगडपेशींचीच, आणि काथ्या म्हणजे याच ऊतीचे लांबट तंतू. एका घासात जिवंत मऊ पेशी आणि मेलेल्या कडक पेशी दोन्ही दाताला लागल्या की हा फरक आयुष्यभर विसरत नाही, माझी भाची आता जाम खाताना आपोआप सांगते.

ऊस चघळा. गोड रस पॅरेन्कायमात होता, थुंकलेलं चिपाड म्हणजे वाहक नळ्यांचे गठ्ठे आणि त्यांच्याभोवतीचे कडक तंतू. उसाचा आडवा काप भिंगातून बघा, ठिपके ठिपके दिसतात, सगळीकडे विखुरलेले. मक्याच्या ताटातही असेच विखुरलेले असतात, एकदल आहेत म्हणून. सूर्यफुलात किंवा तुळशीत ते गोल रिंगणात मांडलेले दिसतील.

इथे एक जागा आहे जिथे भले भले फसतात म्हणून थांबून सांगते. इंदूर हे एके काळी कापडगिरण्यांचं शहर, माळव्याच्या काळ्या मातीत कापूस, त्यामुळे पोरं तंतू म्हटलं की पहिलं नाव कापसाचं घेतात. कापूस स्क्लेरेन्कायमा नाही. कापसाचा धागा म्हणजे बीच्या सालीवर उगवलेला केस आहे, बीच्या अपित्वचेची म्हणजे सगळ्यात वरच्या थराची एक एक पेशी लांब होत होत अडीच-तीन सेंटिमीटर होते, आणि ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची असते. गोणपाटाचा ताग मात्र खरा स्क्लेरेन्कायमा, खोडातल्या फ्लोएमपाशी (अन्न वाहणाऱ्या नळ्यांपाशी) असणारे तंतू. सरकीला चिकटलेला कापूस मिळाला तर बोटानं ओढून दाखवा, तो बीच्या सालीतूनच निघालेला दिसतो.

दुसरा रविवार, कापायचा

कोलेन्कायमा हा तिघांतला दुर्लक्षित भाऊ, पुस्तकात दोन ओळी असतात फक्त. याच्यासाठी अंगणातली तुळस. तुळशीची कोवळी दांडी बोटात धरून फिरवा, गोल नाही, चौकोनी लागते. त्या चारही कोपऱ्यांत कोलेन्कायमा भरलेली असते. मराठीतलं नाव स्थूलकोन ऊती, म्हणजे जिच्या पेशींचे कोपरे जाड, आणि योगायोग असा की तुळशीत ती बसलेलीही कोपऱ्यांतच आहे. काम काय तर आधार पण लवचीक. वाऱ्यानं दांडी वाकते, मोडत नाही. पोरांना विचारा की कोवळ्या वाढत्या देठात स्क्लेरेन्कायमा घातली असती तर काय झालं असतं. ती मेलेली आणि ताठ, एकदा तयार झाली की लांब होऊच शकत नाही, वाढ अडली असती. कोलेन्कायमा जिवंत आहे म्हणून वाढणाऱ्या देठाबरोबर ताणली जाते. कोथिंबिरीच्या देठावर ज्या बारीक उभ्या रेषा लागतात त्यातही हीच.

काप कसा घ्यायचा ते नीट वाचा, सगळी मजा यावर आहे. बटाट्याचा बोटाएवढा तुकडा घ्या, वरून उभी चीर द्या, त्या चिरेत तुळशीच्या दांडीचा तुकडा उभा खोचा. बटाटा आणि दांडी एकदमच कापायचं. ब्लेड पाण्यात भिजवून आपल्याकडे एका सलग ओढीत सरकवायचं, करवतीसारखं पुढेमागे नाही. एक काप घेऊन भागत नाही, वीस-पंचवीस घ्या, सगळे बशीतल्या पाण्यात टाका, आणि जो पाण्यात दिसेनासा होतो इतका पातळ आहे तो ब्रशनं उचला. अर्धामुर्धा काप असला तरी चालतो, पूर्ण गोल पाहिजे असं काही नाही, पातळपणा महत्त्वाचा. मग सॅफ्रानिनमध्ये मिनिट-दोन मिनिटं, साध्या पाण्यात धुवायचा, स्लाइडवर ग्लिसरीनचा थेंब, त्यात काप, आणि कव्हरस्लिप एका बाजूनं टेकवून सुईच्या आधारानं हळू खाली सोडायची, धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि पोरं त्या काळ्या कडेच्या गोल बुडबुड्यालाच पेशी समजतात.

जिथे लिग्निन आहे तिथे गडद लाल रंग धरतो, म्हणजे झायलेम (पाणी वाहणाऱ्या नळ्या) आणि स्क्लेरेन्कायमा. एवढं एक सांगून ठेवलं की बाकीचं चित्र पोरं स्वतः वाचतात.

पानाची साल बघायला ब्लेडसुद्धा नको. र्‍होइओचं, ते खालून जांभळं असतं ते झाड, पान तिरकं फाडलं की कडेला पातळ पापुद्रा सुटतो, तो पाण्याच्या थेंबात ठेवायचा, जांभळ्या पेशींच्या मधे हिरवी ओठांसारखी जोडी दिसते, ती पर्णरंध्रं. दुसरी युक्ती म्हणजे मनीप्लांटच्या पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या, वर पारदर्शक टेप दाबून उचला आणि टेप स्लाइडवर चिकटवा. अपित्वचेचा हुबेहूब ठसा उमटतो. अपित्वचेच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून, मधे फट नाही, कारण काम राखणदारी, वरून मेणचट थर म्हणजे पाणी उडून जायला नको. झाड जुनं झालं की हीच जबाबदारी बूच घेतं, मेलेल्या पेशी, भिंतीत सुबेरिन हा मेणासारखा पदार्थ, पाणी आत-बाहेर नाही. रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये ज्यात पहिल्यांदा पेशी बघितल्या म्हणतात तो बुचाचाच काप होता, म्हणजे त्यानं बघितल्या त्या रिकाम्या भिंती.

तिसरा रविवार, ताणायचा

हा माझा सगळ्यात आवडता रविवार. चोइथराम मंडीतून कमलककडी आणा, म्हणजे कमळाचं चिखलातलं खोड, आमच्याकडे सिंधी मंडळी फार चवीनं खातात त्यामुळे इंदुरात सहज मिळते. ताजी आणि जरा कोवळी बघून घ्या. मधोमध मोडा, कापू नका, मोडा, आणि दोन तुकडे अगदी हळूहळू लांब न्या. मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकणारे धागे निघतात, निघतच राहतात. आमच्या शेजारचा पोरगा ओरडलाच, “मौसी, ये तो टूट ही नहीं रहा!” ते धागे म्हणजे काय माहितीये का, झायलेमच्या नळ्यांच्या आतली स्प्रिंग. झायलेम म्हणजे जलवाहिनी, पाणी वर चढवणारी, आणि पाणी वरून पानं ओढत असतात, पानातून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि मागची धार वर खेचली जाते, त्यामुळे नळीच्या आत ओढ इतकी असते की भिंत मऊ असती तर नळी चिमटली असती, जसा जाड शेक पातळ स्ट्रॉनं जोरात ओढला की स्ट्रॉ चपटी होते तशी. म्हणून आतून गोल गोल वेटोळी घातलेली जाड पट्टी. आणि वेटोळी का, सरळ जाड भिंत का नाही, तर कोवळा भाग लांब वाढतो, स्प्रिंग ताणली जाऊ शकते. तुम्ही मोडून ओढता तेव्हा तीच स्प्रिंग उलगडते. तो धागा स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवा, वळणं स्पष्ट दिसतात. झायलेमची स्पायरल थिकनिंग हे दोन शब्द ज्या पोरानं असे हातानं ओढलेत त्याला ते पाठ करायला लागत नाहीत. आणि ककडीत जी गोल भोकं असतात ते हवेचे बोगदे, चिखलात गाडलेल्या भागाला वरून हवा पोचवायला.

त्याच दिवशी सकाळी पांढऱ्या शेवंतीची दोन-चार फुलं लांब देठासकट लाल रंगाच्या पाण्यात उभी करून ठेवा, देठाचं टोक पाण्यातच तिरकं कापा. पाकळ्यांना लाल शिरा येतात, आणि देठ आडवा कापला की रंग सगळीकडे पसरलेला नसतो, ठरावीक ठिपक्यांत असतो. ते ठिपके झायलेम.

फ्लोएम म्हणजे रसवाहिनी दाखवायला गाजर. आडवी चकती करा, मधला फिकट गाभा झायलेम, बाहेरचा जाड गोड भाग फ्लोएमच्या बाजूचा, आणि दोघांच्या मधे जी बारीक रेघ आहे तिथे कॅम्बियम, नव्या पेशी तयार करणारा थर. हलव्याला गाजर निवडताना आपण बारीक गाभ्याचं बघतो ना, म्हणजे ज्यात झायलेम कमी नि फ्लोएम जास्त असंच निवडत असतो. बीट कापलं तर एकात एक रिंगणं दिसतील, बिटात कॅम्बियम एकापेक्षा जास्त वेळा तयार होतं म्हणून.

जिवंत-मेलेल्याचा हिशोब असा लक्षात ठेवायला लावा. झायलेमचे चार भाग, ट्रॅकिड, व्हेसल (या दोन्ही पाण्याच्या नळ्या), तंतू आणि पॅरेन्कायमा, यातला फक्त पॅरेन्कायमा जिवंत. फ्लोएममध्ये नेमकं उलट, चाळणीनळ्या, सोबतच्या पेशी, पॅरेन्कायमा हे जिवंत आणि फक्त तंतू मेलेले. कारण विचारा, उत्तर कामात आहे. पाण्याला रिकामी नळी लागते, आत जीवद्रव्य असलं तर उलट अडथळा. साखरेचा रस मात्र भरायला-उतरवायला शक्ती खर्च होते, ते काम जिवंत पेशीच करणार. चाळणीनळीला स्वतःचं केंद्रक नसतं, शेजारची सोबतपेशी तिचं बघते, म्हणून ती सोबत.

आणि इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायचीय. फ्लोएम सालीत असतो. दिवाळीत झाडाच्या खोडाला लायटिंगची तार आवळून बांधतात आणि वर्षानुवर्षं सोडत नाहीत, तार सालीत रुतते, खाली मुळांकडे जाणारं अन्न अडतं, वरचा भाग फुगतो आणि मुळं उपाशी मरतात. सतराव्या शतकात इटलीच्या मालपिघीनं सालीचं कडं काढून हेच फुगणं बघितलं होतं. आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची तार पोरांनीच धडा झाल्यावर माझ्या भावाकडून कापून घेतली.

आता कांद्याचे ग्लास काढा. टोक कापलेली मुळं तिथल्या तिथे थांबलीयत, दुसरी वाढतायत. म्हणजे वाढ सगळीकडे होत नाही, टोकाला होते, जिथे विभाजी ऊती म्हणजे मेरिस्टेम आहे. पातळ भिंती, भरपूर जीवद्रव्य, मोठं केंद्रक, आणि सतत दोनाचे चार. पोरांना हा प्रश्न नक्की घाला: झाडाच्या खोडावर चार फुटांवर खिळा ठोकला आणि दहा वर्षांनी झाड दुप्पट उंच झालं तर खिळा किती उंचीवर असेल? सगळी आठ फूट म्हणतात. चार फुटांवरच राहतो, कारण उंची शेंड्याकडून वाढते. खोडाची जाडी मात्र कॅम्बियममुळे वाढते, त्यामुळे खिळा हळूहळू आत गिळला जातो. आणि तिसरा प्रकार, गणपतीत आपण दुर्वा खुडतो आणि आठवड्यात परत तयार, कारण गवताच्या पेराच्या आणि पानाच्या बुडाशी पण विभाजी ऊती असते, वरून खुडलं तरी कारखाना खाली शाबूत. बऱ्हाणपूरकडच्या केळीच्या बागांत टिश्यूकल्चरची रोपं लावतात ती पण याच गोष्टीवर, कोंबाच्या टोकाचा बारीकसा तुकडा घेऊन बाटलीत वाढवायचा.

चौथा रविवार, स्वतःचं शरीर

प्राण्यांच्या ऊती चारच, अभिस्तर, संयोजी, स्नायू, चेता, आणि सगळ्या आपल्याबरोबर आहेत त्यामुळे सामान जवळजवळ नको.

चूळ भरून घ्या, नवीन इअरबड गालाच्या आतून हलकेच फिरवा, स्लाइडवर फासा, वाळू द्या, मिथिलीन ब्ल्यूचा एक थेंब, मिनिटभर थांबून हळू पाण्यानं धुवा, कव्हरस्लिप. फरशीच्या तुकड्यांसारख्या चपट्या पेशी आणि मधे गडद निळा ठिपका म्हणजे केंद्रक. ही अभिस्तर ऊती. ज्याचा त्यानं आपला बड वापरायचा आणि लगेच कचऱ्यात, आणि रक्ताचा थेंब वगैरे घरी काढायचा नाही, मी तरी काढू देत नाही. बाकीचे अभिस्तर प्रकार तोंडी सांगा पण कामासकट: फुप्फुसाच्या फुग्यात चपटा, कारण हवा आरपार जायचीय, आतड्यात उंच खांबांसारखा, शोषायचंय, श्वासनलिकेत वर केस, धूळ बाहेर ढकलायला. आतड्याचं अस्तर तर तीन ते पाच दिवसांत नवं होतं.

संयोजीसाठी कान. कानाचा वरचा भाग दुमडा, सोडा, जागेवर येतो, ती कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून कूर्चेला इजा झाली की भरायला फार वेळ लागतो, आजीच्या गुडघ्याची गोष्ट इथे आपोआप निघते. टाचेच्या मागे जाड दोरी लागते ना, ती स्नायूला हाडाशी बांधते, तिला टेंडन म्हणा. हाडाला हाडाशी बांधते ती लिगामेंट, यात सगळे अदलाबदल करतात. चरबी म्हणजे शरीराचा गराडू, साठवण. आणि रक्त संयोजी कसं हे प्रत्येक पोर विचारतं, विचारलंच पाहिजे. संयोजी ऊतीची खूण म्हणजे पेशी सुट्या आणि मधे भरपूर मसाला, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात. हाडात तो मसाला कॅल्शियमनं कडक, कूर्चेत लवचीक, रक्तात पातळ, प्लाझ्मा, रक्ताचा साधारण 55 टक्के भाग. ही ओळ समजली की सगळं कुटुंब एका रांगेत बसतं.

स्नायूंचे तीन प्रकार असे दाखवा. दंडाची बेडकी फुगवा, हा आपल्या हुकमाचा, पट्टेदार. एकाला अंधाऱ्या खोलीत बसवून मग बाजूनं टॉर्च दाखवा, बाहुली आपोआप लहान होते, हा गुळगुळीत स्नायू, आपलं ऐकत नाही. अंगावर काटा येतो तोही याचाच. आणि मनगटावर नाडी, तो हृदयाचा, पट्टे आहेत पण हुकूम चालत नाही, फांद्या फुटलेल्या पेशी एकमेकींत अडकवलेल्या, म्हणून सगळं हृदय एकदम आवळतं. मिनिटाचे ठोके मोजून 1440 नं गुणायला लावा. 72 आले तर दिवसाचे 1,03,680 होतात. आमच्या पोरांनी ते परत परत गुणून बघितलं, विश्वास बसेना.

शेवटी चेता ऊती. एकेक चेतापेशी किती लांब असते ते सांगा, कमरेपाशी पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू एक मीटरच्या आसपास भरतो, एकाच पेशीचा. मग 30 सेंटिमीटरची पट्टी घ्या. एकानं वरून धरायची, शून्याचं टोक खाली, दुसऱ्यानं शून्यापाशी अंगठा-बोट उघडे ठेवायचे, न सांगता सोडायची, पकडायची. 15 सेंटिमीटरवर पकडली तर 0.175 सेकंद लागले, 20 वर 0.20. हिशोब असा की अंतर मीटरमध्ये घ्यायचं, दोननं गुणायचं, 9.8 नं भागायचं, वर्गमूळ काढायचं. एकदा पकडून धरू नका, पाच वेळा करून सरासरी. डोळ्यांना दिसलं, मेंदूत गेलं, कण्यातून हाताच्या स्नायूंना निरोप आला, एवढा सगळा प्रवास त्या आकड्यात आहे.

भाचीची सरासरी 17 आली. मग ती म्हणाली, “मावशी, डोळे मिटून करते, तू पट्टी सोडताना माझ्या खांद्याला हात लाव.” आकडा वेगळा आला, आणि पोरं जेवायची वेळ झाली तरी तेच करत बसली, कधी खांद्याला, कधी पायाच्या अंगठ्याला हात लावून.